जिंकला तर जून, हरला तर मे

आदेलार माल्ते जानेवारीत गेला, तिथेच सगळं चुकलं. क्युबेकमधल्या आमच्या सरोवराच्या काठी जानेवारीत माणसानं मरू नये. जमीन कुदळीला दाद देत नाही. मग पेटी कबरस्तानामागच्या दगडी खोलीत ठेवतात आणि बर्फ उतरेपर्यंत मेलेला माणूस बाकीच्या मेलेल्यांसोबत तिथे पडून राहतो. प्रार्थना हिवाळ्यात, माती मे महिन्यात. हे प्रत्येक घराला ठाऊक असतं आणि कुणी त्याचा बाऊ करत नाही. माल्त्यांच्या घरी तो झाला, कारण त्यांच्या घरात लीगमध्ये बर्फावरची हॉकी खेळणारा मुलगा आहे, आणि ज्या घरात असा मुलगा असतो त्या घरातलं लग्न, बारसं, ऑपरेशन सगळं त्याच्या सामन्यांना विचारून होतं.

प्रार्थनेला हा मुलगा, जेरेमी, आला नाही. संघ पश्चिमेच्या दौऱ्यावर होता. प्रशिक्षकानं त्याला एका दिवसाची रजा दिली होती. एका दिवसात तिकडून इथे येऊन परत जाता येत नाही हे प्रशिक्षकाला पक्कं माहीत होतं, नाहीतर त्यानं ती दिली नसती. जेरेमीनं आईला फोन केला. "मातीला मी असेन, आई. बाबांची पेटी मी उचलीन. शब्द देतो."

आदेलारच्या बायकोनं, रेझाननं, तो शब्द घट्ट धरून ठेवला. मार्चमध्ये ती मातीची तारीख घ्यायला चर्चच्या कचेरीत गेली आणि तिथल्या मादाम कुलोंबला म्हणाली, "जिंकला तर जून, हरला तर मे."

दुसऱ्या एखाद्या देशात तिला कुणीतरी हाताला धरून घरी पोचवलं असतं. मादाम कुलोंबनं चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "कितव्या फेरीत हरला तर?"

आदेलारचा धाकटा भाऊ रेआल याला हा सगळा प्रकार म्हणजे मेजवानीच होती. कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, बिनलग्नाचा, जिभेला हाड नसलेला माणूस. "बत्तीस संघ," तो भेटेल त्याला ऐकवायचा. "ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत प्रत्येकानं ब्याऐंशी सामने खेळायचे. कशाला? सोळा जणांना घरी पाठवायला. सहा महिने चाळण हलवायची आणि निम्मा कोंडा चाळणीतच. मग राहिलेल्या सोळांच्या जूनपर्यंत चार फेऱ्या, एकेका फेरीत चार सामने जिंकेपर्यंत सात-सात वेळा तीच तोंडं. लोक अर्ध्या चड्डीत घाम पुसत बर्फावरचा खेळ बघतात. आणि पुढच्या हंगामापासून चौऱ्याऐंशी सामने म्हणे. दोन कमी पडत होते."

जेरेमीचा संघ त्या सोळांत शेवटच्या दिवशी कसाबसा घुसला. पहिल्या फेरीच्या सातव्या सामन्यात हरला. त्या रात्री थोरल्या भावानं, देनीनं, रिमोट सोफ्यावर आपटला, मधल्या बहिणीनं, नादिननं, काहीच न बोलता कोट चढवला, आणि रेझान उठून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी मादाम कुलोंबनं तारीख दिली. शनिवार, सकाळी दहा.

त्या शनिवारच्या आधीचा रविवार मातृदिनाचा होता. जेरेमी घरी आला होता. रेझाननं मातृदिनाला स्वतःच राबून तूर्तियेर केलं होतं, कारण तिच्या मुलांना तिच्याशिवाय कुणाच्या हातचं आवडत नाही आणि हे ते तिचं कौतुक म्हणून सांगतात. देनीनं वरचं कवच फोडलं, आतल्या मांसाची आणि बटाट्याची वाफ वर आली, आणि जेरेमीचा फोन वाजला. नाव बघून तो मागच्या व्हरांड्यात गेला. परत आला तेव्हा त्याला बसावं की उभं राहावं हे कळत नव्हतं.

"टीम कॅनडा," तो म्हणाला. "जागतिक स्पर्धा, स्वित्झर्लंडला. मंगळवारी मॉन्त्रेआलहून विमान."

देनीनं खुर्ची मागे लोटली आणि धाकट्या भावाला मिठीत घेतलं. नादिननं काटा ताटात ठेवला. ती शाळेची बस चालवते आणि चाळीस पोरांना नुसत्या आरशातून धाकात ठेवते.

"शनिवारी काय आहे?" तिनं विचारलं.

"आधी अभिनंदन तरी कर," देनी म्हणाला.

"केलं. शनिवारी काय आहे?"

जेरेमी आईकडे वळला. "महिनाअखेर मी परत येतो, आई. मादाम कुलोंबला विचारू. जूनचा पहिला शनिवार. नाहीतरी आपण जून धरूनच चाललो होतो ना, जिंकलो असतो तर."

"जिंकला असतास तर," रेआल बिटाचं लोणचं वाढून घेत म्हणाला. "जिंकणाऱ्याची सवलत हरल्यावर मागतोयस."

"काका, देशाकडून बोलावणं आहे."

"कुठल्या देशाकडून?" रेआलनं विचारलं. क्युबेक वेगळा देश व्हावा म्हणून त्यानं दोन्ही सार्वमतांत 'हो' म्हटलं होतं आणि तो दोन्ही वेळा हरला होता. पराभवाबद्दल अधिकारवाणीनं बोलणारा घरात तोच होता. "ही स्पर्धा असते कधी? मे महिन्यात. मे महिन्यात चांगले खेळाडू कुठे असतात? कामावर. मग कॅनडा तिकडे पाठवतो कुणाला? ज्यांचं काम सुटलंय त्यांना. हरलेल्यांची सहल आहे ती, जेरेमी. तुला बक्षीस नाही मिळालं, तू रिकामा आहेस हे त्यांना कळलंय इतकंच."

"युरोपात तसं नाही. तिथे या स्पर्धेपुढे काही नाही. चेक लोक रस्त्यावर रडतात."

"रडू देत. इकडे ती दाताच्या डॉक्टरकडच्या टीव्हीवर लागलेली असते, दुपारची, आवाज बंद करून. फेब्रुवारीत ऑलिंपिक झालं, त्यासाठी अख्खी लीग थांबवली. तेव्हा आला होता फोन?"

तेव्हा फोन आला नव्हता हे गावाला माहीत होतं. गावानं तेव्हा आठवडाभर या विषयावर बिअर प्यायली होती.

देनीला काकाचं बोलणं नेहमी लागायचं, आणि जेरेमीपेक्षा त्यालाच जास्त लागायचं. तो गावच्या रिंकवर बर्फ घासून सपाट करणारी गाडी चालवतो. एकोणिसाव्या वर्षापर्यंत तो स्वतः बरा खेळायचा, मग गुडघा गेला. धाकट्याला पहाटे पाचला बर्फावर नेणारा तोच. भाऊ लीगमध्ये गेला तेव्हापासून देनी 'आम्ही' म्हणून बोलतो. आम्ही हरलो, आम्हाला पेनल्टी चुकीची दिली, आमचा गोलकीपर झोपला. आता आम्हाला टीम कॅनडाचं बोलावणं आलं होतं आणि घरातली माणसं तोंडं वाकडी करत होती.

"बाबांना विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते?" तो नादिनला म्हणाला. "जा म्हणाले असते. बॅग भरून दिली असती त्यांनी."

"बाबांना विचारता येत नाही. म्हणून तर शनिवारी जायचंय."

"दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे."

"चार महिने तेच ऐकतेय. ब्याऐंशी सामने होऊ देत. सोळांत येऊ देत. फेरी होऊ दे. आता जगभर फिरून येऊ दे. आणखी काही राहिलंय का? आईस्क्रीमवाल्यांची स्पर्धा वगैरे? एकदाच सांगून टाक, म्हणजे मादाम कुलोंबला सारखं तोंड दाखवायला नको."

"नादिन, पुरे ना," जेरेमी म्हणाला. तो थकलेला दिसत होता. "बाबांना आता काय फरक पडतो? दोन आठवडे इकडे की तिकडे."

त्यानं हे दुष्टपणानं म्हटलं नव्हतं. पण देनीचा हात त्याच्या पाठीवर होता, तो खाली आला.

"तू ती खोली पाहिलीयस?" देनीनं विचारलं.

"कुठली?"

"दगडी खोली. तू नव्हतास. आम्ही नेलं बाबांना. मी, काका, रिंकवरचे चौघे. आत सात पेट्या होत्या. बाबांना मधे जागा मिळाली. एका बाजूला जुन्या पोस्टमनची बायको, दुसऱ्या बाजूला आम्हाला शिकवणारा मास्तर. मला बरं वाटलं तेव्हा, ओळखीची माणसं आहेत म्हणून. वेड्यासारखं आहे, पण वाटलं." "माती मऊ झाल्यापासून एकेक जण गेला. ज्याच्या घरच्यांनी तारीख घेतली तो गेला. काल मी कुंपणापाशी होतो तेव्हा कबर खणणारा भेटला. म्हणाला, आता एकटे तुमचेच राहिलेत. तुझ्या सातव्या सामन्याची वाट बघत बसले होते ना."

जेरेमीनं मान खाली घातली. नादिन देनीकडे बघत राहिली. एवढी वर्षं धाकट्याच्या विरुद्ध देनीच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता, आणि तिला त्यात मजा वाटायला हवी होती. ती वाटली नाही. त्याऐवजी तिला जेरेमीच्या हनुवटीवरचा तो जुना टाका दिसला, आणि दाढीत शिरलेला पांढरा रंग.

"जेरेमी," ती म्हणाली, "तुझा करार किती राहिलाय?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"किती?"

"जूनअखेर संपतो."

"आणि पुढे?"

जेरेमीनं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. त्याला हे आज सांगायचं नव्हतं. खरं म्हणजे कधीच सांगायचं नव्हतं. काहीतरी जमेल, मग सांगू, असं तो फेब्रुवारीपासून मनाशी म्हणत होता. प्रत्येक सामन्यात त्याला दोन मिनिटं कमी खेळायला मिळत होती, आणि बाकावर बसल्या बसल्या त्याला कळत होतं की संघाला त्याची गरज संपत चाललीय.

"पुढे नाही," तो म्हणाला. "माझा एजंट सगळ्यांशी बोललाय. तेहतीस वर्षांच्याला इकडे कुणी घेत नाही. स्वित्झर्लंडचे क्लब घेतात, दोन-तीन वर्षांसाठी, चांगला पगार देतात. त्यांची माणसं येऊन बसणार आहेत स्पर्धेला. मला तो मान नकोय, काका. मला तिथे दिसायचंय."

रेआल पहिल्यांदाच जेवणाकडे बघत राहिला.

"मग हे आधी बोलायचं," नादिन म्हणाली. "देश, बोलावणं, मान, कशाला हा तमाशा? पोटापाण्याचा प्रश्न आहे म्हण की. बसमध्ये उलटी आली की पोरं सरळ सांगतात, तेवढी अक्कल त्यांना असते." ती आईकडे वळली. "आई, जाऊ दे त्याला."

"नाही," देनी म्हणाला.

"तू आत्ता मिठ्या मारत होतास."

"मारल्या. आता नाही म्हणतोय. त्यानं शब्द दिलाय."

"शब्दानं पगार येतो का?"

"बाबांना तिथे एकटं टाकून पगार आणायचा?"

अर्ध्या तासात दोघांनी बाजू बदलल्या होत्या, आणि दोघांनाही नवी बाजू पहिल्यापासून आपलीच असल्यासारखी वाटत होती. माल्त्यांचं हे जुनं आहे. सगळ्यांनी एकाच वेळी एक मत धरलं असं त्यांच्या घरात फक्त मुलं झोपलेली असताना घडायचं.

रेझाननं रुमालानं तोंड पुसलं.

"मी तुझ्या विरुद्ध मेणबत्त्या लावल्या," ती जेरेमीला म्हणाली.

"काय?"

"पहिल्या फेरीत. तुझा सामना असला की सकाळी चर्चमध्ये जायचे आणि तू हरावास म्हणून एक लावायचे. सातव्या सामन्याला दोन लावल्या. मादाम कुलोंबनं बघितलं, तिला वाटलं जिंकण्यासाठी. म्हणाली, देव ऐकेल हो तुमचं. ऐकलं त्यानं."

जेरेमीचं तोंड अर्धवट उघडं होतं.

"आई, मी त्या सामन्यात..."

"माहितीय. तुझ्याच काठीला लागून आपल्या जाळ्यात गेला तो गोल. मी बघत होते." रेझानचा आवाज चढला नव्हता, पण हात रुमालाची घडी घालत आणि मोडत होते. "तुझ्या नोकरीचं तेव्हा माहीत असतं तरी लावल्या असत्या. मला लाज वाटत नाही, बाळा. दर रविवारी मी चर्चमधून निघते आणि त्या खोलीवरून घरी येते. बावन्न वर्षं मी त्या माणसाशेजारी झोपले. त्याला थंडी सोसायची नाही, जूनमध्येही मोजे घालून झोपायचा. तुम्ही सगळे फेऱ्या मोजत बसलात, आणि मीही बसले, म्हणजे मीच मूर्ख. माझा नवरा मला जमिनीत हवाय. ही हॉकी काही संपायची नाही. एक संपली की ते दुसरी काढतात."

ती उठली आणि ताटं गोळा करायला लागली. "मी तुला जा म्हणणार नाही आणि राहा म्हणणार नाही. शनिवारी दहाला तुझे बाबा जातील. पेटीला सहा जण लागतात. तू नसलास तर नादिन धरेल. नादिन दमली तर मी धरीन."

जेरेमीनं फोन उचलला आणि तो मागच्या दारानं व्हरांड्यात गेला. देनी आणि नादिन टेबलापाशीच एकमेकांकडे न बघता बसून राहिले.

सिंकची खिडकी व्हरांड्यावर उघडते आणि त्या दिवशी ती हिवाळ्यानंतर पहिल्यांदा उघडली होती. रेझान भांडी धूत होती, रेआल पुसत होता. हल्लीची मुलं फोन कानाला लावत नाहीत, तोंडासमोर धरून त्याच्याशी बोलतात. जेरेमीची पाठ खिडकीकडे होती. त्याचं बोलणं ऐकू आलं आणि पलीकडचंही.

"येऊ शकत नाही," जेरेमी म्हणाला. "घरी... वडिलांचं आहे. शनिवारी. मला माहितीय तुमची अडचण होईल, अगदी ऐनवेळी सांगतोय."

"नाही नाही, अडचण कसली," पलीकडचा माणूस म्हणाला. आवाज चांगला प्रसन्न होता. "खरं तर बरंच झालं. काल रात्री आणखी एक संघ बाहेर पडलाय, तिघे रिकामे झालेत. तुम्ही काय म्हणालात, उजव्या बाजूला खेळता की डाव्या?"

"डाव्या."

"हां, डाव्या. मग तर प्रश्नच नाही. चला, उन्हाळा मजेत घालवा. वडिलांना नमस्कार सांगा."

फोन बंद झाला. जेरेमी कठड्यापाशी उभा राहिला, समोरच्या अंगणात बघत. रेझानच्या हातात साबणानं भरलेली वाटी तशीच राहिली. इतके आठवडे ती ज्या गोष्टीसाठी देवाशी भांडत होती ती तिला मिळाली होती, आणि तिला त्या प्रसन्न आवाजाच्या माणसाच्या घरी जाऊन त्याचे कान उपटावेसे वाटत होते. तिचा मुलगा पंधरा वर्षं दात पाडून घेत खेळला होता आणि तो कुठल्या बाजूला खेळतो हे त्यांना विचारावं लागत होतं. मंगळवारी तो कुणाच्या जागी जाणार होता आणि कोण त्याच्या जागी जाणार होतं, याची तिकडे कुणाला पर्वा नव्हती. ती रडली नाही, कारण बाजूला रेआल होता.

दार वाजलं. जेरेमी आत आला.

"नाही म्हणून सांगितलं," तो म्हणाला.

देनी खुर्चीतून अर्धा उठला. "काय म्हणाले?"

जेरेमीनं मान खाजवली. "गळ घातली. खूप घातली. दोनदा विचारलं, पुन्हा विचार कर म्हणाले. डाव्या बाजूला तुझ्याशिवाय आमच्याकडे आहे कोण, म्हणाले."

"म्हणणारच," देनी म्हणाला. "दुसरा आहे कोण?"

रेझाननं रेआलकडे पाहिलं. रेआलनं पाहिलं नाही, तो जेरेमीकडे बघत होता आणि त्याचं तोंड उघडलं होतं. बहात्तर वर्षांत त्या तोंडासमोर इतका सोपा घास कुणी ठेवला नव्हता. रेझाननं सिंकमधला ओला हात काढून त्याच्या मनगटावर ठेवला. गरज नव्हती.

"मग यंदा कॅनडाचं काही खरं नाही," रेआल म्हणाला.

जेरेमीनं त्याच्याकडे संशयानं पाहिलं. "टोमणा आहे का, काका?"

"नाही रे. डावी बाजू गेली म्हणजे काय राहिलं?" रेआलनं पुसलेली बशी पुन्हा पुसायला घेतली.

"शनिवारी पेटीची डावी बाजू तुझी," रेझान जेरेमीला म्हणाली. "पुढची."